पेट्रोल १२० पार : आधी कर कोणी कमी करायचा, केंद्राने की राज्याने?

कागलकर | ३० एप्रिल २०२२

बुधवारी कोरोनाच्या आढावा बैठकीत पंतप्रधानांनी महाराष्ट्रासह बिगरभाजप राज्यांची नावं घेतली. केंद्राने नोव्हेंबरात उत्पादन शुल्क कमी केलं, तुम्ही व्हॅट कमी केला नाही, असं सुनावलं. त्याच दिवशी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचं उत्तर आलं. मुंबईत पेट्रोलच्या लिटरमागे केंद्राला ३१.५८ आणि राज्याला ३२.५५ रुपये जातात, शिवाय केंद्राकडे जीएसटी भरपाईचे २६,५०० कोटी थकले आहेत, असं त्यात होतं. तेव्हापासून आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये दोन तट पडलेत आणि दोघांनाही आपापल्या नेत्याची बाजू पाठ आहे.

मी कागल एमआयडीसीत कामाला आहे. एसटीचा संप सुरू झाला तेव्हापासून दुचाकीशिवाय इलाज उरला नाही. वडापवाल्यांनी, म्हणजे खासगी जीपवाल्यांनी, दर वाढवले, त्यांनाही दोष कसा द्यायचा? आमच्याकडे पंपावर कोणी लिटरमध्ये पेट्रोल मागत नाही, "शंभरचं टाक" म्हणतात. त्या शंभरात आता लिटरसुद्धा येत नाही, ८३० मिली येतं. शिफ्ट सुटली की निम्मी पोरं हद्द ओलांडून कोगनोळीला जातात, कारण कर्नाटकात आठ-नऊ रुपये स्वस्त आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. कर ज्याने वाढवला, त्यानेच आधी मागे घ्यावा. एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचं शुल्क ९.४८ रुपये होतं आणि डिझेलवर ३.५६. लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा मार्च आणि मे २०२० मध्ये मिळून पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपये वाढवले, आणि ते ३२.९८ व ३१.८३ वर गेलं. तेल स्वस्त असताना ग्राहकाला फायदा दिला नाही. आता महाग झालंय, तर ती ठेव परत करायची वेळ आहे. नोव्हेंबरात पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० परत आले. पेट्रोलचे उरलेले आठ कुठे आहेत?

तुम्हाला काय वाटतं? फक्त आकडे घेऊन बोला, ही विनंती.

सुहास_डोंबिवली

असहमत. आकडेच घेऊन बोलतो.

मुख्यमंत्र्यांचा ३१.५८ हा आकडा कुठून आला? केंद्राचं पेट्रोलवरचं शुल्क नोव्हेंबरपासून २७.९० आहे आणि डिझेलवरचं २१.८०. हे जाहीर दर आहेत. राज्याचा हिशेब बघा. मुंबईत व्हॅट २६ टक्के, अधिक लिटरमागे १०.१२ रुपये. म्हणजे टक्केवारी वेगळी आणि वर ठोक रक्कम वेगळी. या ठोक रकमेची सुरुवात २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने लावलेल्या अधिभाराने झाली. दुष्काळ सरला, अधिभार राहिला. तेव्हा सरकार आमच्याच पक्षाचं होतं हेही सांगतो, पण आज खुर्चीवर कोण आहे?

आता मुख्य मुद्दा. केंद्राचं शुल्क लिटरमागे ठरलेलं असतं, राज्याचा व्हॅट टक्क्यांवर चालतो. २२ मार्चपासून मुंबईत पेट्रोल १०९.९८ वरून १२०.५१ झालं. या साडेदहा रुपयांतला एक पैसाही केंद्राच्या शुल्कात गेला नाही. राज्याला मात्र लिटरमागे दोन रुपयांच्या वर आपोआप जास्त मिळाले. दर वाढला की ज्याचं उत्पन्न वाढतं, त्याने दरवाढीविरुद्ध मोर्चे काढायचे, हे मला पटत नाही.

केंद्राने मिळालेला पैसा काय केला? ८० कोटी लोकांना माणशी ५ किलो धान्य फुकट दिलं. लशीसाठी एका अर्थसंकल्पात ३५,००० कोटी ठेवले. वर मागच्या सरकारने काढलेल्या तेल रोख्यांचं, म्हणजे तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेल्या कर्जरोख्यांचं, व्याज आहेच. २००५ ते २०१० या काळात तेव्हाच्या ग्राहकाला स्वस्त पेट्रोल दिलं आणि बिल आपल्यावर टाकलं.

निशिगंधा

सुहास, तेल रोख्यांचा मुद्दा किती वर्षं चालवायचा? अर्थमंत्र्यांनी गेल्या ऑगस्टमध्ये स्वतःच आकडे दिले. सात वर्षांत व्याजापोटी ७० हजार कोटींच्या वर गेले आणि मुद्दल साधारण १.३१ लाख कोटी बाकी आहे. आता दुसरा आकडा. पेट्रोल-डिझेलच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला २०१९-२० मध्ये १.७८ लाख कोटी आणि २०२०-२१ मध्ये ३.३५ लाख कोटी मिळाल्याचं सरकारनेच लोकसभेत सांगितलं. म्हणजे लॉकडाऊनच्या एका वर्षात, रस्ते ओस असताना, जी जादा रक्कम आली तेवढ्यातच सगळे रोखे फिटून वर पैसे उरले असते. मग रोख्यांमुळे शुल्क कमी करता येत नाही, हे कारण कसं मानायचं?

आणि "राज्यांनी कमी करावा" म्हणताना हे २७.९० कशाचे बनलेत ते बघ. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० आहे. बाकी विशेष अतिरिक्त शुल्क ११, रस्ते उपकर १३, कृषी उपकर २.५०. वित्त आयोगाप्रमाणे राज्यांना ४१ टक्के वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कात, उपकरात आणि अधिभारात नाही. १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही देशातल्या सगळ्या राज्यांत मिळून. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतःचं असं उरलं काय? मुख्यतः दारू, मुद्रांक शुल्क आणि पेट्रोल-डिझेल. त्यातलं एक सोडा म्हणायचं आणि भरपाईची थकबाकी द्यायची नाही, हा न्याय नाही.

सुहास_डोंबिवली

मग गोव्याला कसं जमलं? २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे ११ रुपये उतरले. नोव्हेंबरात केंद्रापाठोपाठ गोव्याने आणि कर्नाटकाने आणखी सात-सात रुपये कमी केले. कागलकरांची पोरं कोगनोळीला जातात याचं उत्तर दिल्लीत नाही, मुंबईत आहे.

पंपवाला

पंप चालवतो, कर्नाटक सीमेपासून जवळ. या दोघांच्या भांडणात आमचं कोणी विचारत नाही म्हणून लिहितोय.

सीमेवर मोठा फटका डिझेलचा असतो. ट्रकवाला टाकी भरतो ती दोनशे-तीनशे लिटरची, त्यामुळे तो आमच्यासमोरून थेट पुढे जातो. तो गेला की राज्याचा त्या डिझेलवरचा सगळाच व्हॅट गेला. दर थोडा उतरवला तर विक्री वाढून राज्याची तूट काही प्रमाणात भरेल, हे आमची संघटना सांगून थकली. अर्थात हे सीमेवरच्या जिल्ह्यांपुरतं खरं आहे. पुण्या-मुंबईचा माणूस पेट्रोलसाठी निपाणीला जाणार नाही, तिथे राज्याचं नुकसानच होईल.

दुसरं. दर वाढला की पंपवाला कमावतो असा समज आहे. आमचं कमिशन २०१७ पासून वाढलेलं नाही आणि ते लिटरमागे ठरलेलं असतं. टँकर मात्र आगाऊ पैसे भरून घ्यावा लागतो. पूर्वी जेवढ्या पैशात टँकर यायचा त्यात आता पाऊण येतो, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा तीच. दिवाळीत शुल्क रातोरात कमी झालं तेव्हा टाकीत आदल्या दराने घेतलेला माल होता. डिझेलवर लिटरमागे बारा रुपये आमच्या खिशातून गेले. लोकांना दिलासा मिळाला याचा आनंदच आहे, पण ती झळ कोणी भरून दिली नाही.

ठाण्याचा रिक्षावाला

कर कमी केला की भाव कमी होतो असं सगळे धरून चाललेत. माझं सीएनजीचं ऐका. १ एप्रिलला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्के केला. ६ रुपये उतरून ६० झाला. आठवड्याच्या आत ६७, मग ७२, आता ७६. म्हणजे राज्याने सोडलेलं पाणी महिन्याभरात आटलं. त्याच १ एप्रिलला केंद्राने देशी गॅसचा दर २.९० डॉलरवरून ६.१० केला होता. मीटरचं भाडं माझ्या हातात नाही. पंपावर रांगेत जो वेळ जातो त्यात दोन भाडी बुडतात, ती वेगळीच. राज्याला शिव्या देण्याआधी हे लक्षात घ्या.

बांधावरून

मी परभणीचा. तुमचं १२० काहीच नाही, आमच्याकडे १२३ च्या पुढे गेलंय. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल आमचं, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो आणि त्याचं भाडं आमच्या दरात पडतं. जवळ डेपो करा ही मागणी कित्येक वर्षांची आहे. तिला केंद्र-राज्य वादात जागाच नाही, म्हणून इथे मांडतो.

आणि शहरातली माणसं पेट्रोलवरच बोलतात. शेतकऱ्याला डिझेल मारतं. आता मे महिना, नांगरटीचा. ट्रॅक्टरवाला गेल्या वर्षी एकरी १८०० घ्यायचा, यंदा २४०० सांगतोय. मळणीयंत्र, पाण्याचा टँकर, बाजार समितीत माल न्यायचा टेम्पो, सगळं डिझेलवर. व्यापारी भाडं वाढलं की ते गिऱ्हाइकाकडून घेतो. शेतकरी कोणाकडून घेणार? त्याचा भाव लिलावात दुसराच ठरवतो. ट्रॅक्टरसाठी वेगळा दर किंवा एकरी अनुदान द्या. ते केंद्राने द्यायचं की राज्याने, आम्हाला फरक पडत नाही.

हर्णै_बंदर

बांधावरून यांना पूर्ण अनुमोदन, आणि आमचीही तीच गत. मार्चमध्ये घाऊक डिझेल एकदम २५ रुपयांनी वाढवलं. मुंबईत किरकोळ ९४ आणि घाऊक १२२. मच्छीमार सोसायटीच्या पंपाला घाऊक ग्राहक धरतात, म्हणजे जो जास्त घेतो त्यालाच महाग. आमच्या बोटीला एका फेरीला हजार लिटरच्या वर लागतं. बर्फ, खलाशांचं रेशन धरलं तर मासळी बरी लागली तरी फेरी कशीबशी सुटते. बाबांनी शेवटच्या दोन फेऱ्या रद्द करून बोट शाकारायचं ठरवलंय, पावसाळी बंदीला अजून महिना असताना. राज्य मच्छीमारांना व्हॅटचा परतावा देतं हे खरं. तो कधी येतो ते सोसायटीत येऊन बघा.

सुहासदादा, "जागतिक परिस्थिती" मलाही कळते. युक्रेनमध्ये युद्ध आहे, आपण ८५ टक्के तेल बाहेरून आणतो. पण दर रोज बदलतात असं २०१७ पासून सांगितलं जातं. मग ४ नोव्हेंबर ते २१ मार्च, पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत, तो एका जागी कसा थांबला? आणि मग सोळा दिवसांत दहा रुपये कसे वाढले? कंपन्या सरकारी आहेत. दर थांबवता येतो, तर जबाबदारीही घ्यायला हवी.

एसटीने_जाणारा

माझं मत इथे कोणाला आवडणार नाही. कर कमी करू नका.

पाच रुपये उतरवले तर सगळ्यात जास्त फायदा कोणाला? ज्याच्या गाडीत जास्त पेट्रोल जातं त्याला. कागलकरांचे महिन्याला शे-दीडशे वाचतील, एसयूव्हीवाल्याचे हजार. गावातल्या ज्या बाईकडे दुचाकीच नाही तिचं काय? तिला हवी एसटी. आणि एसटीचं आपण काय केलं? डिझेल वाढलं म्हणून ऑक्टोबरात १७.१७ टक्के भाडेवाढ केली, लगेच संप पेटला आणि पाच-सहा महिने गाड्या आगारात उभ्या राहिल्या. पोरींचं कॉलेज सुटलं. घाऊक डिझेल वाढलं तेव्हा एसटीला तुमच्या-आमच्यासारखं किरकोळ पंपावर रांगेत उभं राहावं लागलं. वर राज्य सरकार एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं. पेट्रोलचा व्हॅट ठेवा, पण हा प्रवासी कर काढा आणि पेट्रोलमधला पैसा गाड्या घ्यायला वापरा. केंद्राच्या रस्ते उपकरातून फक्त महामार्गच का व्हावेत, बस का येऊ नये?

निशिगंधा

एसटीने_जाणारा, तत्त्वतः पटतं, पण डिझेलवर हे लागू होत नाही. डिझेलचा कर भाजीत उतरतो, दुचाकी नसलेली बाईसुद्धा तो भरते. गॅसचंही तेच, मुंबईत सिलिंडर ९४९.५० झालाय आणि अनुदान मे २०२० पासून जवळपास सगळ्यांचं बंद आहे. गरिबाला जपायचं असेल तर डिझेल आणि गॅस आधी, पेट्रोल नंतर.

सुहास_डोंबिवली

जीएसटीत आणा, सगळा वाद मिटेल. सप्टेंबरात लखनौच्या परिषदेत विषय आला तेव्हा राज्यांनीच नको म्हटलं.

कागलकर

सुहास, राज्यांनी विरोध केला हे खरं, पण त्यांत भाजपची राज्यंही होती. आणि केंद्रालाही ते आज परवडणारं नाही. जीएसटीचा सगळ्यात वरचा दर २८ टक्के. आज निम्मी किंमत कराची आहे, २८ टक्क्यांत दोघांची पोटं भरत नाहीत. म्हणून दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून तो विषय टाळतात.

सगळ्यांचं वाचून माझी मागणी थोडी वाढवतो. केंद्राने २०२० मधल्या वाढीतलं जे उरलंय ते पूर्ण मागे घ्यावं, डिझेलपासून सुरुवात करून. व्हॅट शुल्कासह धरलेल्या किमतीवर लागतो, त्यामुळे केंद्राने ८ सोडले तर मुंबईत आपोआप आठपेक्षा जास्त उतरतात. दिवाळीत ५ सोडले तेव्हा ५.८७ उतरले होते, ते याचमुळे. राज्याने त्या १०.१२ चा हिशेब विधानसभेत मांडावा, दुष्काळाच्या नावाने किती जमले आणि दुष्काळावर किती गेले. एसटीवरचा प्रवासी कर आणि हर्णैचा परतावा या दोन गोष्टी तर दिल्लीला न विचारता उद्या होऊ शकतात.

सुहास_डोंबिवली

परतावा आणि प्रवासी कर, मान्य. क्रम मान्य नाही. केंद्राने एकदा कमी केलं, आता पाळी राज्याची. केंद्राने पुन्हा कमी केलं आणि तेव्हाही राज्याने "आमचा आपोआप कमी झाला" एवढंच सांगितलं, तर हाच धागा वर काढेन.

हर्णै_बंदर

पाळी कोणाची ते ठरेपर्यंत बोट शाकारलेली असेल, दादा. परताव्याचं पत्र तयार करतेय, सोसायटीतर्फे मत्स्य विभागाला आणि आमदारांना. बांधावरून, तुमच्याकडच्या डेपोच्या मागणीचं आधीचं निवेदन असेल तर मजकूर इथे टाका, मांडणीला उपयोग होईल.