हेल्थ कॅम्पला रांग, योगाच्या वर्गाला चिटपाखरू नाही. असं का?

एचआर_चाकण: गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत एचआरला आहे. 21 जूनला योग दिन झाला, टी-शर्ट वाटले, फोटो निघाले. मग फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर रोज साडेतीनला वर्ग ठेवला, तर हॉलमध्ये मी आणि योगशिक्षिका दोघीच. रक्ततपासणीला मात्र ही रांग! त्यातही क्रेनवरचे आणि प्रेसशॉपमधले (पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या दणदणाटात काम करणारे) फिरकले नाहीत. लोक येतात ते नक्की कशासाठी? बक्षीस ठेवू का?

जुना_वेल्फेअरवाला: ताई, साडेतीनला शिफ्ट सुटते आणि पावणेचारला बस. ती चुकली की राजगुरुनगरपर्यंत सिक्स सीटरमध्ये लटकत जायचं. कोण थांबेल? रक्त तुम्ही कामाच्या वेळेत घेतलंत, पगारात. निम्मं उत्तर तिथेच आहे.

क्रेनवाल्यांचं दुखणं वेगळं. आमच्याकडे एक ऑपरेटर डोळेतपासणीच्या दिवशी हमखास रजा टाकायचा. नंबर वाढलेला कळला तर पॅकिंगला घालतील, अलाउन्स जाईल, ओव्हरटाइमही जाईल, ही धास्ती. शेवटी युनियनसमोर लेखी दिलं, की चष्म्याने ज्याला नीट दिसतं त्याची जागा हलणार नाही आणि चष्मा कंपनी देईल. चष्म्यानेही भागत नसेल तर क्रेनवर ठेवता येत नाहीच, पण मग त्याच्या पगाराचं काय, तेही त्याच कागदावर लिहिलं. पुढच्या कॅम्पला गडी आपणहून हजर! रिपोर्टही बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. त्याआधी टाइम ऑफिसच्या टेबलावर गठ्ठा पडलेला असायचा. कुणाची साखर किती हे चहावाल्या पोऱ्यालाही पाठ.

कंत्राटी पोरांना बोलावलं होतं का?

हिंजवडीकर: आमच्याकडे स्टेप चॅलेंज, म्हणजे कोण जास्त पावलं चालतो ते फोनवर मोजायची स्पर्धा. टीम लीड रोज ग्रुपवर यादी टाकतो, मागे पडलेल्यांची नावं लाल रंगात. तब्येतीसाठी कोण चालतंय! एकाने फोन मुलीच्या झोक्याला बांधला आणि व्हाउचर जिंकलं.

आकडेमोड: बक्षिसाबद्दल. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने 2016 मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांवर असा कार्यक्रम राबवून पाहिला, कुणाला कोणतं बक्षीस हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. बक्षीस नसताना तपासणी पूर्ण करणारे 47 टक्के, 100 डॉलरला 59, 200 डॉलरला 63. म्हणजे पहिल्या शंभराने लोक हलले, दुसऱ्याने जेमतेम. शिवाय भाग घेणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च आधीपासूनच कमी होता. ज्यांनी यायला हवं ते घरीच. त्यामुळे गर्दी किती जमली यापेक्षा कोण आलं नाही ते बघा.

एचआर_चाकण: बसची वेळ हलणार नाही, ट्रान्सपोर्टवाला ऐकत नाही. योग जेवणाच्या सुट्टीआधी पंधरा मिनिटं, लाइन थांबवून, असं प्रॉडक्शनला विचारते. शिव्या खाईन बहुतेक. कंत्राटी मुलांना बोलावलं नव्हतं. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे ना, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने हात वर केले. आणि पाकिटांचं म्हणाल, तर लॅब सगळ्यांची एक्सेल मलाच मेल करते.

जुना_वेल्फेअरवाला: मग आधी ती एक्सेल बंद करा. लॅबकडून नुसते एकूण आकडे मागा, नावं नकोत. प्रेसशॉपवाले कानांच्या तपासणीला घाबरत असतील, त्यांनाही क्रेनवाल्यांसारखंच लेखी द्या. योगाचं नंतर बघू.