ऑटोमॅटिक गाडी सकाळी गिअर उशिरा पकडते, बॉक्स खोलायचा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूला आत घर आहे. गाडी जुनी डिझेल एसयूव्ही, ट्रकसारखी लॅडर चासीवरची, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ४ स्पीड ऑटोमॅटिक, २०१२ चं मॉडेल. तीन वर्षांपूर्वी गोव्यातनं सेकंडहँड आणली, आता १ लाख ८८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, आजवर गाडीनं त्रास दिलेला नाही आणि वयाचा दोष कंपनीवर कशाला. ऑटोमॅटिक घेतली ती आप्पांसाठी, त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही, पण शेताकडं आणि बाजाराला स्वतः गाडी घेऊन गेल्याशिवाय त्यांना बरं वाटत नाही.

आता त्रास सांगतो. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करून पी (पार्किंग) वरनं डी (ड्राइव्ह) ला टाकली की गाडी जागेवरच, न्यूट्रलला असल्यासारखी, आणि मग चार एक सेकंदांनी धक्का देऊन पकडते. रिव्हर्सला याहून जास्त, पाच-सहा सेकंद. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून आठ दिवस मोजलंय, उगाच अंदाजानं सांगत नाही. एकदा पकडली की अर्ध्या तासात परत टाकून बघितली तर डी ला सेकंदभरात, रिव्हर्सला दोनच्या आत. रस्त्यावर काही तक्रार नाही, चोर्ल्याचा घाट चार माणसं आणि सामान घेऊन चढवली, कुठं स्लिप नाही, आरपीएम उगाच वर जात नाही.

भीती वेगळीच आहे. आमचं अंगण उताराचं, गाडी रिव्हर्स घेऊन गोठ्याच्या बाजूनं बाहेर काढावी लागते. गाडी हलत नाही म्हणून परवा आप्पांनी अॅक्सिलरेटर दाबला आणि नेमकी तेव्हाच गाडीनं पकडली, गोठ्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हैस आत होती. त्या दिवसापासून सकाळी गाडी मीच काढून देतोय, त्यांना ते आवडत नाही.

दोन मेस्त्रींना दाखवलं. पहिल्यानं अंगणातच बोनेट उघडून इंजिन बंद असताना डिपस्टिक ओढली आणि म्हणाला ऑईल फुल्ल आहे, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा गेल्यात, बॉक्स खोलायला लागणार. सांगितलेला खर्च ऐकून घरात कोणी जेवलं नाही. दुसऱ्याकडं बेळगावात दाखवलं, त्यानं इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघितली आणि एवढंच म्हणाला, "ऑईल कम्मी ऐत्री". एकाच गाडीचं ऑईल फुल्ल आणि कमी दोन्ही कसं असेल? गाडीखाली थेंब पडलेला कधी दिसला नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा की, बॉक्स खोलायच्या आधी काय काय बघावं?

निपाणीकर: दादा, दोघं मेस्त्री खरं बोलले असतील पण पहिल्यानं मोजायची पद्धत चुकवली. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधनं बॉक्सला देणारा भाग) आणि पाइपांतलं ऑईल हळूहळू बॉक्सखालच्या पॅनमध्ये उतरतं, म्हणजे सकाळी डिपस्टिक फुल्लच दाखवणार. इंजिन चालू केल्यावर पंप तेच ऑईल ओढून कन्व्हर्टर भरतो आणि पॅनमधली पातळी खाली जाते, खरी लेव्हल ती. बहुतेक गाड्यांना असं मोजतात: दहा-पंधरा किलोमीटर चालवून बॉक्स गरम करायचा, सपाट जागेवर लावायची, ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधनं सावकाश फिरवून पी ला आणायची, इंजिन चालूच ठेवायचं आणि हॉटच्या खुणेवर बघायचं. उताराच्या अंगणात मोजलेलं धरूच नका.

आणि तुम्ही लिहिलेल्यातच अर्धं उत्तर आहे बघा. फक्त डी उशिरा पकडत असता तर पुढच्या गिअरच्या क्लचकडं बोट दाखवलं असतं, फक्त रिव्हर्स असता तर त्याच्या क्लच किंवा बँडकडं. दोन्ही उशिरा म्हणजे दोघांना जे सामाईक आहे ते आधी बघायचं, ऑईलची लेव्हल, स्ट्रेनर म्हणजे ऑईल गाळायची जाळी, पंप, लाइन प्रेशर म्हणजे पंपाच्या ऑईलचा दाब. प्लेटा जळाल्या असत्या तर चोर्ल्यात भरल्या गाडीला चढावर स्लिप व्हायला पाहिजे होती. गार असताना उशीर आणि गरम झाल्यावर बरं, हे लेव्हल कमी असणं, रात्रीत कन्व्हर्टर रिकामा होणं नाहीतर आतली रबर सीलं वयानं कडक होणं यातलं एक असतं, कडक सील गरम झालं की जरा मऊ पडून धरतं. याच्या उलट गरम झाल्यावर वाढलं असतं तर मी घाबरलो असतो, कारण ऑईल पातळ झालं की झिजलेला पंप उघडा पडतो.

उद्या सकाळी एक करून बघा, चालू करून पी ला दोन मिनिटं तशीच ठेवा आणि मग डी टाका, किती सेकंद लागतात ते लिहा. आणि आप्पांना सांगा, पकडेपर्यंत अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, भिंतीचं आहेच पण वाढलेल्या आरपीएमवर क्लच पकडला की प्लेटा त्यातच जळतात.

मी: निपाणीकर दादा, लई उपकार. दोन मिनिटं ठेवून डी टाकली तर दोनच सेकंद लागले. आणि अजून एक लक्षात आलं, गाडी उतारावर नाक खाली करून लावली त्या रात्रीनंतर जास्त वेळ लागतो. मग पेट्रोल पंपाच्या सपाट फरशीवर गरम गाडी चालू ठेवून डिपस्टिक बघितली, हॉटच्या खालच्या खुणेच्याही बोटभर खाली. ऑईलचा रंग कोऱ्या चहासारखा, जळका वास नाही, गुलाबी दूधही नाही. पण गेलं कुठं?

उद्यमबाग: गुलाबी दूध नाही हे बरं झालं, तसं असतं तर रेडिएटरमधला बॉक्सचं ऑईल गार करणारा कूलर फुटून पाणी बॉक्समध्ये गेलंय समजायचं. खाली थेंब नाही म्हणजे गळत नाही असं नसतं, तुमच्या गाडीला खाली गार्डचा पत्रा असेल, तो काढा. आपल्याकडची माती लाल आणि ते ऑईलही लाल, नुसत्या डोळ्याला कळत नाही. पांढरा कागद घेऊन कूलरकडं जाणाऱ्या रबरी होजच्या क्लिपा आणि पॅनचं गॅस्केट पुसून बघा.

प्रेशर मोजायला मोठ्या शहरात जायची गरज नाही. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची कामं करणारे किती शेड आहेत, ३०० पीएसआयचं गेज आणि होज कोणाकडंही मिळेल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपासचं. बॉक्सला टेस्ट पोर्टचा बोल्ट असतो, फक्त आटे बरोबर जुळले पाहिजेत, जबरदस्ती केली तर केसिंग अॅल्युमिनियमचं आहे. आयडलला डी आणि आर (रिव्हर्स) दोन्हीत प्रेशर घ्या आणि तुमच्या बॉक्सच्या मॅन्युअलशी ताडून बघा. कुणी स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गिअरमध्ये अॅक्सिलरेटर देऊन बघायची टेस्ट, करतो म्हणाला तर पाच सेकंदांच्या वर फुल्ल अॅक्सिलरेटर धरू देऊ नका. आणि सेकंद मोजायचे तर गरम गाडीवर एन (न्यूट्रल) वरनं मोजा, जुन्या ४ स्पीड बॉक्सच्या एका मॅन्युअलमध्ये डी ला १.२ आणि आर ला १.५ सेकंदाच्या आत असं दिलेलं माझ्या बघण्यात आहे, तीनदा मोजून सरासरी काढायची आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबायचं.

ऑईल मात्र डिपस्टिकवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला. मॅन्युअल गिअरवाल्या मेस्त्रीला सवय असते म्हणून विचारल्याशिवाय नव्वदचं गिअर ऑईल ओतेल, तिथं उभं राहा. मशीन लावून प्रेशरनं फ्लश नको. पॅन काढून पडेल तेवढं पडू दे, स्ट्रेनर बदला, तेवढंच मोजून नवीन घाला, राहिलेलं कन्व्हर्टरमध्ये असतं ते हजारभर किलोमीटरनं परत असंच बदला. पॅनमधल्या चुंबकावर काजळासारखा राखाडी लगदा असला तर घाबरू नका, चमचमणारे तुकडे किंवा काळे पापुद्रे असले तर फोटो टाका.

मी: सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, ऊसतोडीच्या गडबडीत होतो. गार्डचा पत्रा काढला तर आत चिखल नव्हता, नुसता लाल मऊ लोणी झालेला थर, बोट घातलं तर पेराएवढं आत गेलं. कूलरच्या होजची एक क्लिप सैल आणि रबर तिथं तडकलेलं, कागद लावला की लगेच लालसर डाग. तिथनं थोडं थोडं जात होतं आणि पत्र्यावर मातीत मुरत होतं, म्हणून अंगणात कधी थेंब नाही. दोन्ही होज बदलले. पॅन उतरवला तेव्हा मी कंदिलासारखा बॅटरी धरून खाली आडवा होतो, चुंबकावर राखाडी लगदा, तुकडे नाहीत, पापुद्रे नाहीत. स्ट्रेनरची जाळी मात्र निम्मी बुजलेली.

नवीन ऑईल घातल्यावर प्रेशर पण घेतलं, डी आणि आर दोन्ही मॅन्युअलच्या हद्दीत, आर जरा खालच्या बाजूला. गरम गाडीवर डी एक सेकंद, आर १.४. गार सकाळी डी दीड आणि आर अजून दोन सव्वादोनच्या मध्ये घोटाळतो, तो कडक सीलांचा असेल असं निपाणीकर दादांच्या म्हणण्यावरनं वाटतंय, हजार किलोमीटरनं दुसऱ्यांदा ऑईल बदललं की परत मोजून इथंच लिहीन. पहिल्या मेस्त्रीवर माझा राग नाही, पण बॉक्स खोलला असता तर होज तसाच राहिला असता.

आज सकाळी आप्पांनी चावी मागितली. चालू करून मिनिटभर थांबले, ब्रेकवर पाय ठेवून आर ला टाकली, मी गोठ्याच्या दाराशी मोबाईल घेऊन उभा. दोन सेकंद. धक्का नाही, गाडी सावकाश मागं आली आणि ते काच खाली करून म्हणाले, बाजूला हो, मला उशीर होतोय.