पावसानंतर विमानाच्या टाकीत पाणी: सॅम्पल किती वेळा काढायचं?

नवी_भरारी: छोट्या विमानतळावर हँगरमध्ये जागा नसल्याने सेसना १७२ एस उघड्यावरच बांधलेलं असतं. रात्री पाऊस झाला की सकाळी डाव्या टाकीच्या सॅम्पलमध्ये (तपासायला कपात काढलेल्या थोड्या इंधनात) तळाशी पाण्याचा थेंब दिसतो. दोन-तीन वेळा काढल्यावर स्वच्छ येतं. तेवढ्यावर उडायला हरकत नाही ना? हे पाणी येतं कुठून? शिवाय पंपावर माणूस नसतो, इंधन स्वतःच भरावं लागतं. तिथे काय काय बघायचं?

पाना_आणि_पक्कड: आधी ‘स्वच्छ’ म्हणजे काय ते पक्कं करा. कपात अर्धं पाणी, अर्धं इंधन असेल तर मधली रेघ दिसते. पण पूर्ण कप पाण्यानेच भरला असेल तर रेघ कुठून दिसणार? तो काचेसारखा नितळ दिसतो आणि माणूस फसतो. म्हणून कप पांढऱ्या कागदासमोर धरून निळा रंग शोधा. १००एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, फिकट निळं असतं. शंका आली तर त्यातच खात्रीचं थोडं इंधन ओता. रेघ उमटली तर खाली पाणी आहे.

१७२ एसला एकूण १३ ड्रेन (तळातून सॅम्पल काढायच्या जागा) आहेत: प्रत्येक पंखाखाली ५ आणि इंजिनाच्या पोटाखाली ३. बरेच जण पंखाखालचा एकेकच तपासतात. आधी टाक्यांचे ड्रेन घ्या, मग स्ट्रेनरचा, म्हणजे इंधनाच्या गाळणीचा. उलट केलंत तर टाकीतलं पाणी नळीत ओढलं जातं. एकदा पाणी निघालं की पंख हलकेच डोलवा, शेपूट जमिनीपर्यंत दाबा, म्हणजे कोपऱ्यात अडकलेलं पाणी ड्रेनकडे सरकेल. मग सगळ्या तेराही जागांहून पुन्हा काढा. तरीही पाणी येतच राहिलं तर त्या दिवशी उड्डाण नाही. टाकी तंत्रज्ञाकडून रिकामी करून घ्यायची.

रिव्हेट: दर पावसात, तेही एकाच टाकीत? मग दवाला दोष देऊ नका, डावं झाकण बघा. झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पाणी साचतं आणि कडक झालेल्या रबरी रिंगेतून आत झिरपतं. रिंग नखाने दाबा. दबून परत उसळली नाही किंवा बारीक चिरा दिसल्या तर बदला. पार्ट्स कॅटलॉगमधल्या नंबरचीच घ्या, मापाला जुळते म्हणून दुसरी नको.

रात्री टाकी पूर्ण भरून ठेवली तर आत दव कमी धरतं. पण वापरण्याजोगं इंधन ५३ गॅलन, म्हणजे साधारण २०० लिटर. वजन सुमारे १४४ किलो. सकाळी चौघं बसणार असाल तर आधी वजनाचा हिशेब करा.

नवी_भरारी: झाकण उद्याच बघतो. पंपाचं?

पाना_आणि_पक्कड: झाकण उघडण्याआधी अर्थिंगची वायर लावायची, मगच नोझल हातात. पंपावरचं लेबल वाचा, कारण शेजारीच जेट ए-१ चा, म्हणजे जेट इंजिनांच्या रॉकेलसारख्या इंधनाचा पंप असू शकतो. जेटचं नोझल सहसा रुंद, चपटं असतं. ते टाकीच्या तोंडात बसत नसेल तर जबरदस्ती नको, तिथेच थांबा.

जेट इंधन चुकून गेलं तर पिस्टन इंजिन सुरूही होतं, कारण नळ्यांत जुनं इंधन असतं. टॅक्सी होते (विमान जमिनीवर चालतं), टेकऑफही होतो. मग ते संपतं, इंजिनात डेटोनेशन (सिलिंडरमध्ये इंधनाचे बेताल स्फोट) सुरू होतं आणि नेमकी कमी उंचीवर ताकद जाते. नुसत्या रंगावर विसंबू नका. थोडं जेट मिसळलं तरी निळसर दिसतं. पांढऱ्या कागदावर दोन थेंब टाकून वाळू द्या. तेलकट डाग राहिला तर भेसळ आहे. रॉकेलसारखा वास हीही खूण.

आणि भरून झाल्या-झाल्या सॅम्पल घेऊ नका. पाणी तळाशी बसायला किमान १५ मिनिटं द्या, तोवर बाकीचं विमान फिरून तपासा.