१६ वर्षांच्या मांजरीला पिसवा झाल्यात, काय लावू?

केटीहून, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

आपल्या ह्यूस्टनकरांच्या ग्रुपवर चकल्यांच्या ऑर्डरींच्या मध्येच हा विषय घुसवतेय, माफ करा. आमच्या ठमीला पिसवा झाल्यात. ठमी म्हणजे ती करडी पट्टेवाली, गणपतीत आरती सुरू झाली की बरोब्बर पाटाखाली जाऊन बसते ती, निम्म्या लोकांनी बघितलीय. वय सोळा. घराबाहेर कधी पाऊल टाकलं नाही, मग पिसवा आल्या कुठून हेच कळेना, पण काल पाठीवरून हात फिरवताना शेपटीच्या मुळाशी मिरपुडीसारखं काळं काहीतरी हाताला लागलं, ते ओल्या टिश्यूवर ठेवून बघितलं तर विटकरी डाग पसरला. म्हणजे पिसवांची घाण, तिचंच पचलेलं रक्त. अंगावर काटाच आला.

आता घरात तीन पर्याय आहेत आणि तिन्हींबद्दल मला धाकधूक आहे. एक, कपाटात चार वर्षांपूर्वीचा इमिडाक्लोप्रिडचा, म्हणजे पिसवांवर लावायच्या औषधाचा डबा आहे, मांजरांचाच, त्यावर ‘नऊ पौंडांच्या वर’ लिहिलंय. दोन, शेजारच्यांनी त्यांच्या लॅब्राडॉर कुत्र्याची उरलेली पिसवांची ट्यूब दिलीय, म्हणाले एवढुशी मांजर, चार थेंब लाव बास. तीन, आई सांगलीहून आलीय, तिचं म्हणणं कडुलिंबाचं तेल चोळ, अंथरुणाखाली कापूर ठेव आणि डेटॉलच्या पाण्याने पूस, दोन दिवसांत जातील. डॉक्टरची अपॉइंटमेंट शुक्रवारची मिळालीय. तोवर काय करू?

---

शुगर लँडहून, मंगळवार, अर्ध्या तासाने

अगं ती ट्यूब आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ!! थेंब मोजत बसू नकोस. मागे लिहिलेलं बघ, परमेथ्रिन असणार, म्हणजे कुत्र्यांना चालणारं पण मांजरीला विष असलेलं कीटकनाशक.

आमच्याकडे झालंय हे म्हणून एवढं ओरडतेय. घरात कुत्रा आणि बोका दोन्ही होते, दुकानातून घाईघाईत पाकीट उचललं, मी ह्यांना म्हटलं लावा, त्यांनी बोक्याला पण लावलं. तीन-चार तासांनी बोका पाय झटकायला लागला, ओल्या फरशीवरून चालताना झटकतो ना तसा, मला आधी हसूच आलं. मग कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथर. किचनच्या सिंकमध्ये कोमट पाणी आणि भांड्याचा साबण लावून धुतला, तशीच टॉवेलात गुंडाळून इमर्जन्सीला पळाले. स्नायू सैल पडायचं इंजेक्शन, मेथोकार्बामॉल, दोन रात्री तिथेच. वाचला बिचारा. तो सात वर्षांचा धडधाकट होता, तुझी तर सोळाची.

डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्याचं लिव्हर हे विष मोडून बाहेर टाकतं, मांजरीच्या लिव्हरमध्ये ते काम करणारी यंत्रणाच फार तोकडी असते. आणि कुत्र्याच्या असल्या ट्यूबमध्ये परमेथ्रिन जवळजवळ निम्मं असतं, त्यामुळे ‘थोडंसं’ हा प्रकारच नाही.

---

पेअरलँडहून, बुधवार सकाळी

आमच्या वाड्यात नऊ मांजरी होत्या, कुणी डॉक्टरकडे नेल्याचं आठवत नाही. राख चोळायचे. कडुलिंब नैसर्गिक आहे, त्याने काय होणार? उगाच केमिकल कशाला? ता.क. हॉलच्या पार्किंगबद्दल अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

---

क्लिअर लेकहून, बुधवार दुपारी

काका, पार्किंगचं संध्याकाळी लिहिते, आधी मांजर.

मी डॉक्टर नाही, क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे, पण उन्हाळाभर हेच बघतो आम्ही. नैसर्गिक म्हणून चालतंच असं नाही हो, साप पण नैसर्गिक असतो. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटते, म्हणजे तुम्ही जे चोळाल ते तिच्या पोटात जाणार. कडुलिंबाचं तेल चाटून लाळ गाळत आलेल्या मांजरी मी बघितल्यात. टी ट्री आणि निलगिरीचं तेल तर अजिबात नको. कापूर विषारी, डांबरगोळ्या त्याहून. लसूण कुणीतरी सुचवणारच म्हणून आधीच सांगते, त्याने मांजरीच्या लाल पेशी फुटतात, आणि म्हाताऱ्या मांजरीचं रक्त पिसवांनी आधीच पिऊन कमी केलेलं असतं. डेटॉल आपल्याकडे घरोघरी सगळ्याला वापरतात, पण मांजरीला नाही, तोंडात आणि पंजाला फोड येतात. आईंना वाईट वाटू देऊ नकोस, त्यांना फणी दे. खरंच. बारीक दातांची पिसवांची फणी मिळते, बाजूला साबणाच्या पाण्याची वाटी ठेवायची, मान आणि शेपटीच्या मुळाशी विंचरायचं आणि फणी वाटीत बुडवायची. उवा काढण्यात ज्यांनी हात बसवलाय त्यांना हे आपल्यापेक्षा छान जमतं :) शुक्रवारपर्यंत एवढंच कर.

तुझा जुना डबा. इमिडाक्लोप्रिड मांजरीला चालतं, पण म्हातारपणी मांजरी झडतात. चार वर्षांपूर्वी ती नऊच्या वर असेल, आज किती आहे? ‘पाच ते नऊ पौंड’ची ट्यूब वेगळी येते. बाथरूमच्या काट्यावर आधी तू एकटी उभी राहा, मग तिला घेऊन, वजाबाकी कर. आणि तारीख बघ डब्यावरची, संपली असणार.

डॉक्टरकडे विचारायचं म्हणजे: किडनी आणि थायरॉइडची रक्ततपासणी शेवटची कधी झाली, रक्त कमी झालंय का (हिरड्या बघ, गुलाबी हव्यात, पांढुरक्या दिसल्या तर शुक्रवारची वाट बघू नकोस), आणि चालू गोळ्या कुठल्या. कधी फिट आली असेल तर आवर्जून सांग, कारण नव्या औषधांतला आयसोक्साझोलीन नावाचा एक गट आहे, त्याबद्दल एफडीएने (इथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये इशारा दिलाय की काही जनावरांना थरथर, तोल जाणं, फिट असं होऊ शकतं. सगळ्यांना होत नाही, पण तशा मांजरीला आमचे डॉक्टर दुसरं काहीतरी देतात. सिलॅमेक्टिन बऱ्याचदा देतात, मानेवर लावायचं, प्रिस्क्रिप्शन लागतं. काहीही लावलंस तरी कवटीच्या अगदी खाली, केस बाजूला करून कातडीवर, जिथे जीभ पोचत नाही.

आणि घर! हे कुणी करत नाही आणि मग औषध ‘चाललं नाही’ म्हणून येतात. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण लोकसंख्येतल्या पाचेक टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोश सगळे कार्पेटमध्ये. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. कोशावर औषध फारसं चालत नाही, तो महिनोन्‌महिने पडून राहतो आणि पावलांची थरथर जाणवली की उघडतो, म्हणून व्हॅक्यूमच उपयोगी, आधी बाहेर काढायच्या मग मारायच्या. रोज व्हॅक्यूम, पिशवी लगेच बाहेर, ठमीचं अंथरूण गरम पाण्यात. दोन-तीन महिने धर. आपल्याकडची हवा दमट, हिवाळा नावापुरता, त्यामुळे इथे पिसवांना सुट्टी नाही. आल्या कुठून विचारलंस ना? तुझ्या डेकखाली पोसम (मांजराएवढा रानटी प्राणी) किंवा भटकी मांजर येत असेल, आणि तुमच्या पायजम्यांवरून आत.

रात्री-बेरात्री कुणाच्या मांजरीने काही चाटलंच तर एएसपीसीए या प्राण्यांसाठीच्या संस्थेची विषबाधेची हेल्पलाइन २४ तास असते, ८८८-४२६-४४३५, पैसे घेतात पण माहिती नीट देतात.

---

वुडलँड्सहून, बुधवार रात्री

आमच्याकडे कुत्रा आणि मांजर एकाच सोफ्यावर झोपतात आणि कुत्र्याला तेच परमेथ्रिनवालं लावतो. हे वाचून घाम फुटला. बदलू का?

---

क्लिअर लेकहून

बदल. डॉक्टरांना सांग घरात मांजर आहे, परमेथ्रिन नसलेलं देतील. यावेळचं लावून झालं असेल तर दोन-तीन दिवस दोघांना वेगळ्या खोलीत ठेव, चाटाचाटी नको.

---

केटीहून, शनिवार

मंडळी, अपडेट. ठमी सहा पौंड तीन औंस!! दहाची होती एकेकाळी, केसांमुळे कळलंच नाही. किडनीचे आकडे थोडे वर आहेत, रक्त थोडं कमी, पण घाबरण्यासारखं नाही म्हणाले. मुळात किडनीसाठी तिला वर्षभरापूर्वीच न्यायला हवं होतं, पिसवांच्या निमित्ताने कळलं. क्लिनिकमध्येच आधी पिसवा पटकन मारणारी नायटेनपायरॅमची गोळी दिली, अर्ध्या तासात ती वेड्यासारखी खाजवायला लागली, मी घाबरले तर म्हणाले पिसवा मरताना वळवळतात म्हणून. पांढऱ्या टॉवेलवर तेवीस मोजल्या. तिचा परिणाम एक-दोन दिवसच टिकतो म्हणून पुढे दर महिन्याला सिलॅमेक्टिन. शिवाय जंतासाठी वेगळी गोळी, कारण शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चिकटलेलं होतं, पिसू गिळली की हे जंत होतात म्हणे, आणि मी आपली समजत होते आईच्या हातून भात सांडला.

आईने फणीचं काम मनावर घेतलंय. रोज सकाळी चहा झाला की ठमीला मांडीवर घेऊन बसते, ‘हं, मान वर कर’ असं माझ्या लहानपणी म्हणायची तसंच म्हणते, वाटीत किती पडल्या ते कॅलेंडरवर लिहिते. गुरुवार अकरा, शुक्रवार सकाळी नऊ, आज दोन. ठमी गुरगुरतेय, पण आनंदाने. मी पांढरे मोजे घालून कार्पेटवर फिरते, चढल्या तर लगेच दिसतात, आज पूजेच्या खोलीत तीन सापडल्या. पाटाखालीच की हो.

ट्यूब शेजारच्यांना परत दिली, कारणही सांगितलं. त्यांच्या मुलीकडे दोन मांजरी आहेत, तिला लगेच फोन लावला त्यांनी.

---

पेअरलँडहून, शनिवार रात्री

ती फणी कुठे मिळते? आमच्या अंगणात एक येते, आपली नाही, पण हल्ली दाराशीच झोपते.