मुलांना घरी ठेवून दोघंच परदेशात, कोण कोण गेलंय?

येत्या जानेवारीत लग्नाला पंधरा वर्षं होतील. मुलगी तेरा, मुलगा आठ. हनिमूनला महाबळेश्वर झालं कारण तेवढंच परवडत होतं, आणि तेव्हाच ठरलं होतं की कधीतरी दोघंच समुद्रापलीकडे जायचं. त्या कधीतरीला पंधरा वर्षं लागली. आता पैसे साठलेत, सासूबाई "जा की गं, मी आहे ना" म्हणतायत आणि नेमका माझाच पाय निघत नाहीये. मैत्रिणीला सांगितलं तर पहिला प्रश्न, "मुलांना सोडून?" जसं काही मी त्यांना स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सोडून चाललेय. तर ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा ना, मुलं कुणाकडे ठेवली, काय फसलं, काय जमलं. ठिकाणांच्या याद्या नकोत, त्या सगळीकडे मिळतात.

---

आम्ही बाली, मार्च 2023, दहावी ॲनिव्हर्सरी. मुलगा सहा वर्षांचा, तो माझ्या आईबाबांकडे ठाण्याला. स्वस्त तिकिटं मिळाली म्हणून पटकन काढली आणि मग लक्षात आलं की मधे न्येपी येतोय. न्येपी म्हणजे बालीतल्या हिंदूंचं नवीन वर्ष, तेही शकाचंच, आणि त्या वर्षी ते 22 मार्चला म्हणजे बरोब्बर आपल्या गुढीपाडव्याला आलं. शके 1945 तिकडेही आणि इकडेही! (दरवर्षी जुळतंच असं नाही, 2024 ला त्यांचं 11 मार्चला होतं आणि आपला पाडवा 9 एप्रिलला.) फरक एवढाच की आपण ढोलताशे घेऊन शोभायात्रा काढतो आणि ते चोवीस तास चिडीचूप बसतात. सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा विमानतळ बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हॉटेलबाहेर पाऊल टाकलं की पेचालांग म्हणजे तिथले गावरक्षक हात जोडून आत पाठवतात. मोबाइल डेटासुद्धा बंद करतात, आमच्या हॉटेलचं वायफाय तेवढं चालू होतं. 

आदल्या संध्याकाळी मात्र भन्नाट प्रकार असतो, ओगोह-ओगोह, राक्षसांचे अवाढव्य पुतळे बांबूच्या चौकटीवर खांद्यावर घेऊन पोरं मिरवतात आणि चौकात आले की गरागरा फिरवतात. ते बघताना दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "अरे तो इथे पाहिजे होता". 

तर न्येपीचा दिवस. रूममध्ये दोघं, बाहेर जायचं नाही, आवाज करायचा नाही, संध्याकाळी दिवे लावायचे नाहीत. दहा वर्षांत आम्ही दिवसभर एका खोलीत असे कधी बसलोच नव्हतो, लॉकडाउनमध्ये पण नाही कारण तेव्हा मांडीवर पोरगं आणि समोर लॅपटॉप. दुपारपर्यंत एक कडकडीत भांडण झालं, तेही कुजबुजत! 2016 साली माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरा काय बोलला होता तिथपर्यंत गेलं. कुजबुजत भांडून बघा एकदा, फार वेळ टिकत नाही. घरून व्हिडिओ कॉल आला, बाबांनी गॅलरीत गुढी उभारली होती आणि आमचं ध्यान साखरेची गाठी गळ्यात घालून चोखत बसलेलं. विचारतो, "आई तुम्ही हळू का बोलताय, तिकडे कुणी बाळ झोपलंय का?" 

रात्री अंगणात बसलो. अख्ख्या बेटावर दिवा नाही म्हटल्यावर वर काय दिसत असेल बघा. गप्पा मात्र शाळेच्या फीच्याच चालल्या होत्या.

---

वरचं वाचून हेवा वाटला. आम्ही थायलंडला, क्राबीला जाऊन झोपलो. मस्करी नाही, जुळी मुलं आहेत चार वर्षांची, ती बहिणीकडे ठेवली आणि पहिले दोन दिवस फक्त झोपलो. बेटांची टूर बुक केलेली त्याचे पैसे बुडाले. बायको आजही सांगते आयुष्यातली बेस्ट ट्रिप.

---

आमची विसावी, क्वालालंपूर आणि लंकावी असा प्लॅन. मुलं मामाकडे नाशिकला. मलेशियाला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून खुशीत होतो आणि नेमकं त्यामुळेच आधी कुणी पासपोर्ट उघडून बघितला नाही. मुंबईला चेकइन काउंटरवरच्या मुलीने बायकोचा पासपोर्ट उलटसुलट केला आणि म्हणाली मॅडमचा पाचच महिने व्हॅलिड आहे, तिथे पोचायच्या दिवसापासून सहा महिने लागतात. मी म्हटलं अहो आम्ही पाच दिवसांतच परत येणार आहोत. तिला हे वाक्य रोज ऐकायची सवय असावी, चेहरा हलला नाही.

रात्रीचा दीड. घरी परत जायचं तर बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी टाटा केलेलं. सकाळपर्यंत एअरपोर्टबाहेर चहा पीत बसलो, मग गेटवेवरून लाँच पकडून मांडवा, तिथून अलिबाग. घरच्यांना सांगायचं नाही असं बायकोनेच ठरवलं, तिच्या माहेरी मीच टिंगलीचा विषय असतो एरवी आणि यावेळी तिचा नंबर होता. समुद्र आणि नारळाची झाडं काय, दोन्हीकडे सारखीच. दोन दिवस व्हिडिओ कॉल मस्त खपून गेले. तिसऱ्या दिवशी ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे टांगे निघतात ना, तसा एकजण मागून ओरडला, "ओ काका, सरका की बाजूला!" धाकटा फोनवर म्हणतो, बाबा मलेशियात मराठी बोलतात?

पांढऱ्या कांद्याच्या तीन माळा घेऊन नाशिकला गेलो. पासपोर्ट आधी बघा, एवढंच माझं म्हणणं.

---

आम्ही न्यू जर्सीत. इकडे आजीआजोबा म्हणजे व्हिजिटर व्हिसावर येणारे, त्यामुळे सासूबाई आल्या त्या सहा महिन्यांतच आइसलँड उरकायचं होतं. त्या गाडी चालवत नाहीत, मग शाळेतून आणायला मैत्रीण, तिचं नाव शाळेच्या पिकअप लिस्टमध्ये घातलं. सगळ्यात महत्त्वाचं, मुलांच्या उपचाराला आमच्या वतीने संमती देता येईल असं पत्र नोटराइज करून सासूबाईंकडे आणि मैत्रिणीकडे एकेक प्रत दिली, सोबत इन्शुरन्स कार्डाचे फोटो. वापरायची वेळ आली नाही पण त्या कागदाने मला झोप लागली.

आइसलँडमध्ये वाऱ्याने गाडीचं दार उलटं फिरतं, गाडीवाल्याने बजावलं होतं की दार दोन्ही हातांनी धरून उघडा, आम्ही हसलो होतो. दुसऱ्या दिवशी हसू गेलं. सप्टेंबर होता, योकुलसारलोन या हिमनदीच्या तळ्याजवळ रात्री एकला आकाशात नॉर्दर्न लाइट्सचा हिरवा पडदा हलायला लागला, मी वेड्यासारखी घरी फोन केला, तिकडे रात्रीचे नऊ, फोन आकाशाकडे धरला. लेक म्हणते, "आई काही दिसत नाहीये, काळं आहे सगळं. माझा पोस्टर बोर्ड कुठे ठेवलायस?" वाऱ्यात ओरडून सांगितलं, कपाटाच्या मागे.

---

आमचं नाही जमलं, तेही लिहिते. मुलगी तीन वर्षांची होती, दुबई, पाच रात्री. दिवसभर ती आनंदात खेळायची आणि आम्ही कॉल केला की आमचा चेहरा बघून हंबरडा. तिसऱ्या दिवशी तिकीट बदलून परत, बदलायचे पैसे तिकिटाइतकेच. आल्यावर ती माझ्याकडे आलीच नाही, नणंदेच्या कडेवरून उतरेना. आता बारा वर्षांची आहे आणि विचारते, तुम्ही दोघं कुठे जात का नाही?

---

मी आजी, सांगलीची. मुलगी-जावई गेले युरोपला बारा दिवस, त्यांची काळजी तुम्ही सगळे लिहिताय, आमचं कोण विचारतं म्हणून टाइप करतेय, चुका असतील.

मुलीने फ्रीजवर चौदा सूचना चिकटवल्या होत्या. कुठला डबा कुठल्या वारी, टीव्ही किती वेळ. अगं, तुला मीच वाढवलंय ना? पहिल्या दिवशी वाचल्या, दुसऱ्या दिवसापासून थालीपीठ. नातवंडं रडली बिडली नाहीत, मलाच रात्री चुकल्यासारखं व्हायचं. ह्यांना मधेच ताप आला दोन दिवस, म्हटलं कळवायचं नाही, पण धाकटीने फोनवर सांगून टाकलं. मुलगी तिकडे पॅरिसमध्ये रडत बसली. काय उपयोग? पोरांना सांगू नका असं म्हटलं की ती तेच आधी सांगतात.

आल्यावर जावयांनी आमचीच तिकिटं काढली, चाळिसाव्या वाढदिवसाला, लग्नाच्या. काठमांडू. आपल्याला तिथे पासपोर्टही लागत नाही, मतदार कार्डावर गेलो. दिल्लीहून जाताना हिमालय डाव्या हाताला दिसतो, हे आम्हाला उतरल्यावर कळलं. उजवीकडे बसून दीड तास ढग बघितले. हे म्हणाले, येताना उजवीकडेच बसू, तेव्हा बरोबर होईल. झालं.

---

सगळ्यांना थँक्यू, सूचना चिकटवणार नाही. व्हिएतनाममधलं दा नांग ठरलं, तिथून होई आन, पाच रात्री. तिथे जवळच 'मी सोन' नावाच्या ठिकाणी चंपा या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली शंकराची देवळं आहेत म्हटल्यावर सासूबाई खूश, त्यांना तिथले फोटो हवेत. लेकीची एकच अट, वायफायचा पासवर्ड बदलून जायचं नाही. मुलाला विचारलं तर म्हणे, आजी रोज रात्री गोष्ट सांगणार असेल तर सात रात्री जा.

आणि आत्ता ई-व्हिसा भरायला बसले तर माझा पासपोर्ट मे महिन्यात संपतोय. जानेवारीत चारच महिने उरतात. अलिबागवाले दादा, तुम्हाला माझ्याकडून एक माळ कांदे.