परदेशातल्या शेल्टरमधून कुत्री येतेय: कागद, पहिला आठवडा, आधीचा कुत्रा

पाऊलवाट
भूमध्य समुद्राकाठच्या एका देशातल्या शेल्टरमधून कुत्री दत्तक घेतोय. वय अंदाजे अडीच, वजन १४ किलो, नसबंदी झालेली. प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फोटो आणि दोन व्हिडिओ एवढंच. व्हॅनने येईल, प्रवास साधारण दोन दिवसांचा. संस्थेने 'सर्व चाचण्या निगेटिव्ह' असं लिहून दिलंय. घरात आधीचा एक कुत्रा आहे. कागदांत नेमकं काय बघायचं, उतरवून घेताना काय तयारी लागते आणि दोघांची गाठ कधी घालून द्यायची?

गोचीडमार
'सर्व चाचण्या निगेटिव्ह' याला तसा काही अर्थ नाही. कोणता रोग, कोणती चाचणी, रक्त कधी काढलं, हे तिन्ही लेखी मागा. बऱ्याचदा केलेली असते ती स्नॅप ४डीएक्स किट, म्हणजे रक्ताची झटपट चाचणी. त्यात हार्टवर्म (डासांतून येणारा हृदयातला जंत) आणि एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, लाइम हे गोचिडांमुळे होणारे रोग एवढंच कळतं. लेश्मानिया (वाळूमाशीतून येणारा परजीवी), बबेसिया (गोचिडांतून येणारा रक्तातला परजीवी) आणि ब्रुसेला कॅनिस (कुत्र्यांत गर्भपात घडवणारा जिवाणू) त्यात येतच नाहीत.

तारीख का महत्त्वाची ते सांगतो. हार्टवर्मची किट पूर्ण वाढलेल्या मादी जंताचा अंश पकडते. डास चावल्यापासून जंत तेवढा वाढायला सहा महिने लागतात, कधी जास्तच. म्हणजे गेल्या महिन्यात लागण झाली असेल तर आजचा निगेटिव्ह रिपोर्ट खरा असूनही उपयोगाचा नाही. लेश्मानियाचंही तसंच: वाळूमाशी चावल्यावर अँटीबॉडी दिसायला महिने जातात आणि लक्षणं काही वर्षांनीही निघू शकतात. त्यामुळे वेळापत्रक असं ठेवा:

पहिल्या आठवड्यात: संपूर्ण रक्ततपासणी, लघवीतलं प्रोटीन आणि सलग तीन दिवसांची विष्ठा एकत्र करून जिआर्डिया (जुलाब करणारा आतड्यातला परजीवी) व जंतांसाठी.
तो देश सोडून तीन महिने झाले की: ब्रुसेला कॅनिसची रक्तचाचणी, आधी केली असली तरी.
सहा महिन्यांनंतर: हार्टवर्म पुन्हा, आणि लेश्मानियाची आकडा देणारी चाचणी. नुसतं हो-नाही सांगणारी नको. पुढे औषध चालू करावं लागलं तर तुलनेला जुना आकडा लागतो.

ब्रुसेला माणसालाही होतो. नसबंदीने धोका कमी होतो, संपत नाही, आणि अँटिबायोटिक देऊनही जंतू पूर्ण गेले याची खात्री देता येत नाही. घरात कुणी गरोदर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ही चाचणी कुत्री निघण्याआधीच करून मागा.

कुत्रीच्या पासपोर्टमध्ये (चिप आणि लशींच्या नोंदींची पुस्तिका) एकच गोष्ट आधी बघा: कातडीखाली ओळखीची चिप बसवल्याची तारीख रेबीज लसीच्या आधीची किंवा त्याच दिवशीची हवी. लस आधी आणि चिप नंतर असेल तर ती लस बहुतेक सीमांवर धरत नाहीत. पहिल्या लसीनंतर २१ दिवस गेलेले हवेत. यूके, आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वेत जायचं असेल तर प्रवेशाआधी २४ ते १२० तासांत टेपवर्मची (पट्टकृमीची) गोळी दिल्याची नोंद, वेळेसकट. चिपचा १५ अंकी नंबर स्वतः स्कॅन करून पडताळा आणि तुमच्या देशाच्या नोंदणीत तुमचा फोन नंबर त्याच दिवशी घाला. जुन्या देशातल्या नोंदणीवर विसंबलात तर हरवलेली कुत्री सापडूनही फोन तुम्हाला येणार नाही.

दुहेरी_पट्टा
कागद होतात हो नीट. कुत्री हातातून सुटते ती पहिल्या काही दिवसांत, आणि बहुतेकदा व्हॅन ते घर एवढ्या अंतरातच.

हार्नेस तीन पट्ट्यांचा घ्या: मानेभोवती, छातीभोवती आणि तिसरा बरगड्या संपतात तिथे, कमरेपाशी. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरतो. डोकं खाली, पुढच्या पायांची कोपरं पुढे, की दोन पट्ट्यांचा हार्नेस स्वेटरसारखा निघून येतो. तिसरा पट्टा बरगड्यांच्या रुंद भागावरून पुढे सरकत नाही, म्हणून तो अडवतो. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. त्याशिवाय गळ्यात मार्टिंगेल पट्टा (ओढला की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा) आणि दोन वेगळ्या दोऱ्या: एक हार्नेसला, एक गळपट्ट्याला. एक दोरी तुमच्या कमरेला बांधलेली.

आत-बाहेर होणारी, प्लॅस्टिकच्या मुठीची दोरी अजिबात नको. मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्रीच्या मागे धावत येते आणि कुत्री त्या आवाजालाच घाबरून पळत सुटते.

व्हॅनवाल्याला सांगा, हार्नेस आणि दोन्ही दोऱ्या पिंजऱ्याच्या आतच लावा, मग दार उघडा. घरात कायम दोन दारं मधे हवीत, एक उघडं तर दुसरं बंद. बाग असली तरी पहिले काही आठवडे दोरीवरच. भिंत सहा फुटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रस्त्यावर वाढलेली कुत्री ती चढते.

तरीही सुटलीच तर हाका मारू नका, मागे धावू नका, आणि गावभर लोक शोधायला लावू नका. माणसं दिसली की ती आणखी लांब जाते. जिथून सुटली तिथेच तिचं अंथरूण आणि वासाचं खाणं ठेवा, कॅमेरा लावा, बाकीच्यांना लांब ठेवा.

शेपूटवाचक
पहिले दिवस एक खोली, बस. आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, लांब फिरायला नेणं नाही. दोन दिवसांच्या प्रवासानंतर बऱ्याच कुत्र्या दिवसभर शू रोखून धरतात. २४ तास उलटले तर व्हेटला फोन करा. शेल्टरमध्ये होतं तेच खाणं चालू ठेवा, नवं आणायचं तर आठवड्याभरात थोडं थोडं मिसळत. जुलाब झाले तर नुसतं खाण्याला दोष देऊ नका, जिआर्डियाही असू शकतो.

काच ही वस्तू तिने पाहिलेलीच नसेल. सरकत्या दारावर तिच्या नाकाच्या उंचीला रंगीत चिकटपट्टीची आडवी रेघ मारा.

हात डोक्यावरून नेऊ नका. बाजूला तोंड करून खाली बसा, ती आली तर छातीला तीन सेकंद खाजवा आणि थांबा. पुन्हा चिकटली तरच पुढे. ओठ चाटणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं आणि एकदम ताठ होणं, हे तिन्ही 'पुरे' म्हणायचे प्रकार. गुरगुरली म्हणून ओरडू नका. गुरगुरणं बंद झालं की पुढच्या वेळी सूचना न देता थेट दात.

नव्या घरात रुळण्याचे टप्पे म्हणून तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं एक गणित सगळीकडे फिरतं. ढोबळ म्हणून ठीक. मी त्यातला मधला टप्पा सर्वांत अवघड धरतो, कारण भीती थोडी ओसरते आणि भांड्यावर, सोफ्यावर हक्क सांगणं तेव्हा सुरू होतं. 'आधी किती शांत होती' असं लोक म्हणतात. ती शांत नव्हती, थिजलेली होती.

आधीच्या कुत्र्याबद्दल: विष्ठेचा रिपोर्ट येईपर्यंत वेगळे. मग घराबाहेर, दोन माणसं, दोन दोऱ्या, दहा-बारा फूट अंतर ठेवून एकाच दिशेला चालत. हळूहळू अंतर कमी. घरात पहिले दिवस मधे जाळीचं दार, आणि खाणं, खेळणी कायम वेगळी.

पाऊलवाट
खूप उपयोग झाला. दोन शंका. रात्री क्रेटमध्ये (झोपायच्या पिंजऱ्यात) बंद करायचं का? आणि घरात हार्नेस काढायचा की ठेवायचा?

दुहेरी_पट्टा
घरात तुम्ही समोर असताना हार्नेस आणि त्याला दोन मीटरची पातळ दोरी, टोकाला गाठ किंवा फास नको, नाहीतर खुर्चीच्या पायात अडकते. दोरीमुळे तिला कोपऱ्यात गाठून पकडावं लागत नाही. एकटी असताना दोरी काढा. काखेत घासतंय का ते रोज बघा.

शेपूटवाचक
क्रेट ठेवा, पण दार काढून किंवा बांधून उघडं. शेल्टरच्या पिंजऱ्यात महिने काढलेली कुत्री बंद दाराला दात लावून दात मोडून घेते. पहिल्या रात्री कुणीतरी त्याच खोलीत झोपलेलं बरं, तिच्यापासून लांब, जमिनीवर गादी टाकून.

गोचीडमार
व्हेटकडे न्यायलाच घाबरत असेल तर आधी फोनवर बोला. जायच्या आधी घरी द्यायचं, भीती कमी करणारं औषध, गॅबापेन्टिन किंवा ट्रॅझोडोन, ते लिहून देऊ शकतात. धरून-दाबून रक्त काढलं तर पुढची प्रत्येक भेट अवघड होते, आणि तुम्हाला वर्षभरात निदान तीन वेळा तरी रक्त काढायचंय.