कराराचा दावा फेडरल न्यायालयात चालेल का?

सप्रेम नमस्कार,

न्यू जर्सीत आमची दोन भागीदारांची एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) आहे. टेक्सासमधील डॅलसच्या एका कंपनीने सॉफ्टवेअरचे काम पूर्ण करून घेऊन आमचे ९०,००० डॉलर थकवले आहेत. फेडरल न्यायालयात असा दावा कसा चालतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

एक सभासद

सप्रेम नमस्कार,

दावा कसा चालतो याआधी तो तेथे उभा राहतो का, हे पाहावे लागेल. करारभंग हा मुळात राज्याच्या कायद्याचा विषय आहे. दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असतील आणि व्याज व खर्च वगळून मागणी ७५,००० डॉलरपेक्षा अधिक असेल, तरच तो सहसा फेडरल न्यायालयात जातो. रकमेची अट आपण पूर्ण करता. मेख एलएलसीत आहे. कॉर्पोरेशनचे नागरिकत्व नोंदणीच्या आणि मुख्य कार्यालयाच्या राज्यावरून ठरते, तर एलएलसीचे तिच्या प्रत्येक सदस्याच्या, म्हणजे भागीदाराच्या, नागरिकत्वावरून. कोणी ग्रीन कार्डावर किंवा एच-१बीवर असल्यास हिशेब आणखी बिकट होतो.

दावा उभा राहिला, तर समन्स ९० दिवसांत बजावावे लागते आणि त्यानंतर प्रतिवादीला उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. उत्तराऐवजी बहुधा दावा फेटाळण्याचा अर्जच येतो. खरा वेळ आणि पैसा जातो तो डिस्कव्हरीत, म्हणजे दोन्ही पक्षांनी एकमेकांकडून पुरावे मागवण्याच्या टप्प्यात: ईमेल, कागदपत्रे, आणि प्रत्येकी सात तासांपर्यंतची डिपॉझिशन्स (शपथेवरच्या तोंडी जबान्या). पुढे समरी जजमेंटचा (पूर्ण सुनावणीविना निकाल देण्याचा) अर्ज होतो, आणि ज्यूरीपर्यंत फारच थोडे दावे पोहोचतात. एलएलसीला वकिलाविना उभे राहता येत नाही, त्यामुळे वकिलाचा खर्च कोणावर पडतो हे करारात आधी पाहावे. तेथे लवादाचे कलम असेल, तर वरील सारे गैरलागू ठरेल.

वकील सभासद

आभारी आहे. लवादाचे कलम नाही. टेक्सासचा कायदा लागू होईल एवढेच लिहिले आहे. ती कंपनी डॅलसमध्ये मुख्य कार्यालय असलेले कॉर्पोरेशन आहे. माझा भागीदार अमेरिकन नागरिक असून टेक्सासमधील प्लेनोत कायमचा स्थायिक झाला आहे.

मग भागीदारामुळे आपली एलएलसीही टेक्सासची ठरते, म्हणजे दोन्ही बाजू टेक्सासच्या झाल्या आणि फेडरल न्यायालयाचा मार्ग बंद झाला. तरीही टेक्सासचा कायदा आपल्या सोयीचा आहे: करारभंग सिद्ध होऊन भरपाई मिळाली, तर वकिलाचे वाजवी शुल्कही वसूल करता येते. मात्र त्यासाठी आधी रकमेची मागणी करून ३० दिवसांची मुदत द्यावी लागते, तेव्हा ते पत्र याच आठवड्यात वकिलाकडून रीतसर पाठवावे.